क्लोज प्लेवरचे पंचांचे निर्णय कसे सुधारतील?

मैदानवेडा (धागाकर्ता)

बेसबॉलमधल्या पंचांच्या चुकांवर बोलणं सुरू झालं की गाडी लगेच कॅमेऱ्यांवर जाते. मेजर लीगपुरतं (उत्तर अमेरिकेतली सर्वोच्च व्यावसायिक लीग) ते ठीक आहे. पण शाळा-कॉलेज, क्लब, हौशी लीग, इथे दोन पंच असतात, कधी कधी एकच, आणि कॅमेरा नसतो. मी अशाच सामन्यांत पंच म्हणून उभा राहतो. म्हणून या प्रश्नाकडे मला दुसऱ्या टोकाकडून बघायचं आहे. क्लोज प्ले, म्हणजे बेसवर चेंडू आधी पोचला की धावणारा खेळाडू (रनर) हे घासून जातं असा क्षण, चुकतो तेव्हा पंचाचं नक्की काय चुकलेलं असतं?

दोन गाजलेल्या चुका घेऊ.

२६ ऑक्टोबर १९८५, वर्ल्ड सिरीजचा (मेजर लीगची अंतिम मालिका) सहावा सामना. सेंट लुइस कार्डिनल्स मालिकेत ३-२ ने आणि सामन्यात १-० ने पुढे. नववी, म्हणजे शेवटची इनिंग. कॅन्सस सिटी रॉयल्सचा होर्हे ऑर्टा फर्स्ट बेसकडे पळतोय, चेंडू त्याच्याआधी तिथे पोचला तर तो आऊट. फर्स्ट बेसमन जॅक क्लार्कने चेंडू उचलला आणि बेसवर धावत आलेल्या पिचर (बॅटरला चेंडू टाकणारा) टॉड वॉरेलकडे टाकला. ऑर्टा आऊट होता, पण पंच डॉन डेंकिंजर यांनी सेफ (नाबाद) दिला. रॉयल्सनी सामना २-१ असा फिरवला आणि दुसऱ्या दिवशी सातवा सामना ११-० ने जिंकून विजेतेपद नेलं. डेंकिंजर यांनी नंतर सांगितलेलं कारण प्रत्येक नव्या पंचाने लक्षात ठेवावं असं आहे. वॉरेल उंच, फेक वर आलेली, त्यामुळे ग्लव्ह आणि पाय एकाच वेळी नजरेत बसेनात. आणि प्रेक्षकांच्या गोंगाटात ती हलकी फेक ग्लव्हमध्ये पडल्याचा आवाजही आला नाही.

दुसरी चूक २ जून २०१० ची. डेट्रॉइट टायगर्सचा पिचर अर्मांडो गलारागा याने क्लीव्हलँडचे सलग २६ बॅटर बाद केले होते. सत्ताविसावा जेसन डोनाल्ड. मिगेल कॅब्रेराने उजवीकडे जाऊन चेंडू अडवला आणि बेसवर आलेल्या गलारागाकडे दिला. चेंडू आधी पोचला होता. पंच जिम जॉइस यांनी सेफची खूण केली. इतिहासातला एकविसावा परफेक्ट गेम (एकही बॅटर बेसवर पोचू न देता सगळे २७ बाद) तिथे गेला. सामन्यानंतर जॉइस यांनी फीत पाहिली, उघडपणे चूक मान्य केली आणि गलारागाची माफी मागितली. कमिशनर बड सेलिग यांनी निर्णय बदलायला नकार दिला. त्याच महिन्यात खेळाडूंच्या एका पाहणीत सर्वांत चांगला पंच म्हणून जॉइस यांनाच पहिली पसंती मिळाली होती, हेही सांगायला हवं.

माझं म्हणणं असं. पहिल्या प्रकारची चूक सरावाने कमी होते. कुठे उभं राहायचं, कशाकडे बघायचं, कधी थांबायचं, हे शिकता येतं. दुसऱ्या प्रकारची चूक उत्तम जागी उभ्या असलेल्या उत्तम पंचाकडूनही होते आणि तिला रिप्लेशिवाय इलाज नाही. आपण सगळी शक्ती दुसऱ्या प्रकारावर खर्च करतो. पहिला प्रकार मात्र रोज, प्रत्येक मैदानावर घडत असतो.


गणिती

आवाजाचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे, म्हणून आकडे मांडतो.

फर्स्ट बेसच्या पंचाला शिकवतात : पाय बेसवर बघ, चेंडू ग्लव्हमध्ये ऐक. कारण दोन्ही ठिकाणी एकदम नजर ठेवता येत नाही. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. पंच बेसपासून साडेपाच मीटरवर असेल तर आवाज १६ मिलिसेकंद उशिरा पोचतो. मेजर लीगमधल्या सरासरी रनरचा वेग सेकंदाला २७ फूट, म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास. तेवढ्या वेळात तो १३ सेंटिमीटर पुढे जातो. दुसरीकडे, मेंदू आवाजाची दखल दृश्यापेक्षा थोडी लवकर घेतो. त्यामुळे जवळून हे दोन्ही फरक बऱ्याच अंशी एकमेकांना भरून काढतात आणि युक्ती चालते.

आता पंच १५ मीटरवर उभा आहे असं धरा. आवाज ४४ मिलिसेकंद उशिरा, रनर ३६ सेंटिमीटर पुढे. एकटाच पंच होम प्लेटजवळून (बॅटर उभा राहतो ती जागा) निर्णय देत असेल तर अंतर २७.४ मीटर, उशीर ८० मिलिसेकंद आणि रनर ६६ सेंटिमीटर पुढे. म्हणजे लांबून आवाजावर विसंबणारा पंच नकळत रनरला दोन फुटांची सवलत देतो.


मैदानवेडा

गणिती, यासाठी मनापासून आभार. एकट्याने पंचगिरी करणाऱ्यांना हे कोणी सांगतच नाही. ‘ऐकून ठरव’ ही शिकवण चार पंचांच्या सामन्यातली आहे आणि ती जशीच्या तशी खाली उतरली आहे. लांब असाल तर आवाज सोडून द्यायचा आणि डोळ्यांवरच निर्णय घ्यायचा.


प्राजक्त

एक शंका. चेंडू आणि रनर अगदी एकाच क्षणी पोचले तर निर्णय रनरच्या बाजूने, असा नियम आहे ना? आमच्याकडे सगळे हेच धरून चालतात.


डावखुरा

प्राजक्त, नियमपुस्तकात असं वाक्य कुठेही नाही. बॅटर-रनरबद्दल (फटका मारून पळणारा) नियम सांगतो की त्याने फर्स्ट बेसला स्पर्श करण्याआधी त्याला किंवा बेसला टॅग (फिल्डरने चेंडूसह केलेला स्पर्श) झाला तर तो आऊट. ‘आधी’ हा शब्द काटेकोरपणे वाचला तर बरोबरीत तो सेफ ठरतो. पण दुसऱ्या एका कलमात रनरला बेसचा हक्क मिळतो तो आऊट होण्याआधी बेसला स्पर्श केला तर. ते वाचलं की पारडं उलटं फिरतं. म्हणून अनुभवी पंच बरोबरी मानतच नाहीत. दोन्हींपैकी एक आधी झालंच, ते कोणतं हे ठरवणं आपलं काम, असं ते धरतात.

आणि व्यवहारात हेच योग्य आहे. बरोबरीची पळवाट मनात असली की पंच प्रत्येक अवघड प्लेला ‘बरोबरी’ ठरवू लागतो.


चौकस

धागाकर्त्यांचा पहिला मुद्दा मान्य, पण रिप्लेबद्दल इथे फारच हात राखून लिहिलं जातंय. थोडा इतिहास मांडतो.

मेजर लीगमध्ये रिप्ले ऑगस्ट २००८ मध्ये आला, तोही फक्त होम रनच्या सीमेवरच्या निर्णयांसाठी. २०१० ची ती चूक त्याच्या कक्षेत नव्हती. बेसवरचे क्लोज प्ले त्यात आले २०१४ मध्ये. तेव्हापासून मॅनेजर चॅलेंज घेतो, न्यूयॉर्कच्या केंद्रात बसलेले पंच सगळ्या कोनांतून फीत बघतात आणि मैदानावरच्या पंचांना हेडसेटवर निर्णय कळवतात. पहिल्या हंगामात तपासलेल्या निर्णयांपैकी निम्म्याच्या जवळपास बदलले गेले. विचार करा, हे सगळे निर्णय त्याआधी शंभर वर्षं तसेच राहत होते.

माझी तक्रार चॅलेंजच्या रचनेवर आहे. नियमित हंगामात मॅनेजरला एकच चॅलेंज. बरोबर ठरलं तर टिकतं, चुकलं तर गेलं. मग तिसऱ्या इनिंगमध्ये घासून गेलेला प्ले दिसला तरी तो विचार करतो की आता वापरू की राखून ठेवू. आठव्या इनिंगपासून पंचप्रमुख स्वतःहून तपासणी मागू शकतो, हे चांगलं आहे. पण चुकीचा निर्णय तिसऱ्या इनिंगमध्ये झाला म्हणून तो कमी चुकीचा होत नाही. केंद्रात बसलेल्या पंचाला चूक पडद्यावर दिसत असताना त्याने मॅनेजरची वाट का बघावी? उघड चूक असेल तर त्याने थेट हेडसेटवर सांगावं आणि खेळ पुढे चालावा.


रानवारा

चौकस यांच्याशी शंभर टक्के सहमत. मॅनेजर तरी स्वतः कुठे ठरवतो? क्लबहाऊसमध्ये व्हिडिओ बघणारा माणूस डगआऊटमध्ये फोन करतो, तो ‘हो’ म्हणाला की चॅलेंज. सुरुवातीला तर मॅनेजर मैदानात येऊन पंचांशी गप्पा मारत वेळ काढायचे, तोवर आत फीत बघून व्हायची. मग वेळेची मर्यादा आली : २०१७ ला ३० सेकंद, २०२० ला २०, २०२३ ला १५. एवढी कसरत करण्यापेक्षा फीत बघणाऱ्या पंचालाच अधिकार द्या.


सरळरेषा

मी थोडी विरुद्ध बाजू मांडते.

रिप्लेने फक्त चुका सुधारल्या नाहीत, प्ले बदलले. सेकंड बेसची चोरी (फटक्याची वाट न बघता पुढच्या बेसकडे पळणं) बघा. रनर घसरत बेसवर पोचतो, टॅगच्या आधी, स्पष्ट सेफ. पण घसरण्याच्या जोरात त्याचं शरीर उसळतं आणि पाय क्षणभर बेसवरून बोटभर उचलला जातो. फिल्डर ग्लव्ह त्याच्या अंगाला चिकटवूनच ठेवतो. मैदानावर हे कोणाच्याही डोळ्यांना दिसत नाही. संथ गतीत दिसतं. निर्णय आऊट. नियमाप्रमाणे बरोबर, पण टॅगचा नियम करताना कोणाच्याही मनात हे नव्हतं. आता फिल्डरना शिकवलंच जातं की टॅग लावून धरा. माझं मत : रनर चेंडूच्या आधी बेसवर पोचला असेल आणि त्याचं शरीर बेसच्या वरच असेल, तर अशा सूक्ष्म उचलीवर त्याला आऊट देऊ नये. नियम बदलायला हवा, कॅमेऱ्याने ती जबाबदारी आपल्यावर टाकली आहे.

दुसरं उदाहरण २०१५ च्या प्लेऑफमधलं, डॉजर्स विरुद्ध मेट्स. डबल प्ले (एकाच प्लेत दोन आऊट) मोडायला चेस अटली उशिरा घसरला आणि मेट्सच्या रुबेन तेहादाचा पाय मोडला. पंचांनी अटलीला आऊट दिलं होतं. रिप्लेत दिसलं की तेहादाचा पाय बेसला लागलाच नव्हता, त्यामुळे निर्णय फिरला. अटलीनेही बेसला स्पर्श केला नव्हता, तरी त्याला सेकंड बेस मिळाला. मोडलेल्या पायाने स्ट्रेचरवर गेलेला खेळाडू आणि बेसवर उभा केलेला रनर, हे चित्र कोणालाच पटलं नाही. २०१६ मध्ये घसरण्याचा नियम कडक झाला. आणि डबल प्लेमध्ये फिल्डरचा पाय बेसजवळ असला तरी आऊट देण्याची जी जुनी पद्धत होती, तीही रिप्लेच्या कक्षेत आली.

तंत्रज्ञान आणताना आधी विचारायला हवं की नियम एवढ्या बारीक नजरेसाठी लिहिलाय का.


चौकस

सरळरेषाताई, उसळलेल्या पायाबद्दल तुमचं पूर्ण पटलं. पण तो रिप्ले बंद करण्याचा मुद्दा होत नाही, नियम दुरुस्त करण्याचा होतो.


सरळरेषा

बंद करा असं मी म्हणतच नाही. २०१० चा तो सामना कोणाच्याही वाट्याला पुन्हा येऊ नये.


गणिती

रिप्लेच्या मर्यादेबद्दलही आकडे देतो, कारण ‘फीत बघितली म्हणजे सत्य कळलं’ असा सर्वसाधारण समज आहे.

सेकंदाला ६० चित्रं घेणारा कॅमेरा धरा. दोन चित्रांमध्ये १६.७ मिलिसेकंदांची फट. त्या फटीत रनर १४ सेंटिमीटर सरकतो, आणि ताशी ८० मैलांची फेक ६० सेंटिमीटर. म्हणजे एका चित्रात चेंडू ग्लव्हच्या दोन फूट अलीकडे आणि पुढच्या चित्रात ग्लव्हच्या आत. नक्की कधी शिरला? चित्र सांगू शकत नाही. त्यात रनरचा पुढे टाकलेला पाय शरीरापेक्षा जास्त वेगात असतो, तो धूसर दिसतो. शिवाय चेंडू ग्लव्हच्या तोंडाशी दिसला म्हणजे झेल पक्का झाला असंही नाही.

म्हणूनच मेजर लीगमध्ये निकाल तीन प्रकारचे असतात. फिरवला, पक्का केला, किंवा पुरेसा पुरावा नाही म्हणून मूळ निर्णय कायम. या तिसऱ्या प्रकारात शेवटी मैदानावरच्या पंचाच्या डोळ्यांवरच सगळं येतं. म्हणजे मैदानवेडा म्हणतात ते सराव, जागा, थांबणं हे सगळं मेजर लीगलाही लागू आहे.


डावखुरा

क्रिकेटमध्ये यावर वेगळा निर्णय झाला, तो इथे तोलून बघण्यासारखा आहे. झेल तपासायला पाठवताना मैदानावरचा पंच आधी आपलं मत खुणेने द्यायचा आणि पुरावा अपुरा असेल तर तेच मत कायम राहायचं. जून २०२३ पासून आयसीसीने ती खूण काढून टाकली. कारण साधं होतं : ज्याला नीट दिसलं नाही म्हणून तो विचारतोय, त्याच्याच अंदाजाला एवढं वजन का?

बेसबॉलला ते लागू करावं असं मला वाटत नाही. फर्स्ट बेसचा पंच साडेपाच मीटरवर असतो, सीमारेषेजवळचा झेल बघणाऱ्या क्रिकेट पंचासारखा सत्तर मीटरवर नसतो. त्याचं मत हा खरा पुरावा आहे. पण टॅगच्या प्लेमध्ये, जिथे फिल्डरच्या पाठीमुळे पंचाला काही दिसलंच नाही, तिथे त्याने ‘मला दिसलं नाही’ असं केंद्राला सांगण्याची सोय हवी. आज तो काहीतरी निर्णय देतो आणि मग तोच निर्णय फिरवायला ठोस पुरावा मागितला जातो.


निळीटोपी

मी या वर्षी पंचगिरी शिकायला सुरुवात केली आहे. दोन पंचांच्या सामन्यात बेसकडे मी असते. फर्स्ट बेसवरचे निर्णय जमतात, पण टॅगच्या वेळी नेहमी चुकीच्या बाजूला सापडते. काय करू?


मैदानवेडा

निळीटोपी, सविस्तर लिहितो, कारण या धाग्याचा गाभा माझ्या दृष्टीने हाच आहे.

फोर्स प्ले (जिथे चेंडू घेऊन बेसला स्पर्श केला की पुरे) आणि टॅग प्ले (जिथे रनरलाच चेंडूने शिवावं लागतं) यांना वेगळं अंतर लागतं. फोर्स प्लेला पंधरा-अठरा फुटांवर राहा आणि फेक येण्याच्या रेषेशी साधारण काटकोन करा. फार जवळ गेलात तर पाय आणि ग्लव्ह एका नजरेत बसत नाहीत, डेंकिंजर यांच्यासारखी अवस्था होते. टॅगला उलट : जवळ जा, पण त्याहून महत्त्वाचा कोन. तुम्हाला ग्लव्ह आणि रनरचं शरीर यांच्यातली फट दिसली पाहिजे. फट दिसत असेल तर दहा फुटांवरूनही निर्णय बरोबर येईल. फिल्डरची पाठ समोर असेल तर दोन फुटांवरूनही येणार नाही. फेक वाकडी आली की फिल्डर सरकतो आणि फटही सरकते. अशा वेळी एक पाऊल पुरतं, डावीकडे किंवा उजवीकडे. पळत सुटू नका.

प्ले घडताना थांबलेलं असायचं. हे सगळ्यात जास्त मोडलं जातं. पळता पळता बघितलं की डोकं हलतं, नजर धूसर होते आणि पाय आधी की चेंडू हे कळेनासं होतं. जवळ पोचून हलत राहण्यापेक्षा चार पावलं लांब, पण स्थिर असणं बरं.

मग घाई. हात उचलण्याआधी प्ले पूर्ण होऊ द्या. चेंडू ग्लव्हमध्ये पक्का बसलाय का, निसटला तर नाही, फिल्डरचा पाय बेसवर टिकला का, हे मनात पुन्हा एकदा बघा आणि मग खूण करा. खेळाडू ओरडतील, ओरडू द्या. चुकलेल्या ‘आऊट’पैकी पुष्कळसे असे असतात, की पंचाने हात वर केला आणि चेंडू जमिनीवर पडलेला दिसला.

आणि जोडीदार. बेस रिकामे असतील तर प्लेटवरचा पंच बॅटरच्या मागोमाग फर्स्ट बेसच्या रेषेवर अर्ध्या वाटेपर्यंत येतो. फिल्डरचा पाय बेसवरून निघाला का, किंवा रेषेवर केलेला टॅग लागला का, हे त्याला तुमच्यापेक्षा चांगलं दिसतं. शंका असेल तर आधी त्याला विचारा, मग निर्णय द्या. सामन्याआधीच दोघांनी ठरवून ठेवायचं की अशा प्लेला कोण कोणाला कसं विचारणार. विचारल्याने पंचाचा मान कमी होतो असं मानणाऱ्यांमुळे आपल्या खेळाचं फार नुकसान झालं आहे.


रानवारा

बेसमध्येच दाब मोजणारा सेन्सर बसवला तर?


गणिती

रानवारा, अर्धाच प्रश्न सुटतो. बेसवर फिल्डरचा पायही असतो, त्यामुळे कोणाचा दाब ते वेगळं करावं लागेल. आणि चेंडू झेलल्याचा क्षण बेसला कळत नाही, त्यासाठी ग्लव्हमध्ये काहीतरी हवं. त्यापेक्षा सॉफ्टबॉलमधला दुहेरी फर्स्ट बेस हौशी सामन्यांना सोयीचा. पांढरा भाग फिल्डरचा, बाहेरचा केशरी भाग रनरचा. तो आला टक्कर टाळायला, पण दोघांचे पाय वेगवेगळ्या जागी पडतात, त्यामुळे पंचालाही स्पष्ट दिसतं.


प्राजक्त

आणि बॉल-स्ट्राइकचं (पिच स्ट्राइक झोनमधून गेला की बाहेरून, याचं) काय? २०२६ पासून मेजर लीगमध्ये तिथेही चॅलेंज आलं ना?


चौकस

हो. प्रत्येक संघाला दोन चॅलेंज, बरोबर ठरलं तर टिकतं. बॅटर, पिचर किंवा कॅचर यांनीच मागायचं, लगेच, टोपीवर किंवा हेल्मेटवर हात मारून. डगआऊटची मदत घ्यायची नाही. इथे ही रचना मला पटते, कारण पिच नेमका कुठून गेला हे मोजता येतं आणि उत्तर काही सेकंदांत मिळतं. झोनच्या व्याख्येतच आकडे आहेत : प्लेटची १७ इंच रुंदी, वरची कड बॅटरच्या उंचीच्या ५३.५ टक्क्यांवर, खालची २७ टक्क्यांवर. बेसवरच्या प्लेला अशी एकच मोजण्याजोगी रेषा नाही. म्हणून एक जमलं म्हणजे दुसरंही जमेल, असं नाही.


निळीटोपी

मैदानवेडादादा, तुमचा प्रतिसाद उतरवून घेतला. अजून एक विचारते. आपले निर्णय बरोबर होते की चूक हे नंतर कळायला काही मार्ग आहे का? सामन्यात तर दोन्ही संघ ओरडतात, त्यातून काहीच कळत नाही.


मैदानवेडा

आहे, आणि फुकट आहे. बऱ्याच फोनमध्ये सेकंदाला २४० चित्रं घेणारा स्लो-मोशन असतो. सरावाच्या वेळी, सामन्यात नाही, फोन फर्स्ट बेसपासून थोडा लांब तिपाईवर ठेवा. जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीवर, बेस आणि फिल्डरचा ग्लव्ह दोन्ही चौकटीत येतील असा. खेळाडूंना मुद्दाम घासून जाणारे प्ले करायला सांगा. प्रत्येक निर्णय मोठ्याने बोला, म्हणजे तो फितीत नोंदला जाईल. मग घरी बसून ताळा करा.

किती चुकले हे मोजण्यापेक्षा कोणत्या बाजूला चुकले ते बघा. सगळ्या चुका ‘सेफ’कडे झुकत असतील तर तुम्ही लांब उभं राहून आवाजावर विसंबताय. ‘आऊट’कडे झुकत असतील तर घाई होतेय.


गणिती

२४० ला दोन चित्रांमधली फट जेमतेम चार मिलिसेकंद, रनर साडेतीन सेंटिमीटर. या कामाला भरपूर झालं. फक्त उजेड चांगला हवा, नाहीतर चित्र काळपट येतं आणि पाय-बेस वेगळे दिसत नाहीत. दुपारच्या सरावाला करा.


निळीटोपी

आमचा सराव दुपारीच असतो. जोडीदारालाही उभं करते, म्हणजे एकाच प्लेवरचे दोघांचे निर्णय ताडून बघता येतील. नोंदी इथेच टाकेन.